गाठीची पहिली तारीख

आरोग्य विम्याच्या रोखविरहित उपचारासाठी रुग्णालयातून जो विनंतीअर्ज पाठविला जातो, त्यातील डॉक्टरांनी भरावयाच्या भागात एक रकाना आहे : सध्याच्या आजाराचा कालावधी, दिवसांमध्ये. त्याच्या आसपास पहिल्या तपासणीची तारीख, तात्पुरते निदान आणि आयसीडी-१० चा संकेतांक असे आणखी रकाने आहेत. ज्वर, अतिसार, अस्थिभग्न अशा व्याधींसाठी ही मांडणी सोयीची आहे. परंतु जी गाठ दोन वर्षे मानेत मुकाट्याने बसून आहे, मध्येच लहान होते, पुन्हा वाढते, दुखत नाही आणि पिकतही नाही, तिचे दिवस कसे मोजावयाचे? मोजण्याचा आधार तरी कोणाजवळ असतो? आमच्या गोंदिया जिल्ह्यात तो आधार बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी दवाखान्यातील एका केसपेपरवर असतो. किंवा असावयास हवा होता, आणि नसतो. या केसपेपराविषयी वैद्यबंधूंशी व औषधालयांच्या चालकांशी चार स्पष्ट शब्द बोलावेत, एवढ्यासाठी हा लेख.

लिम्फोमा म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग. त्याचे काही प्रकार आठवड्यांच्या हिशेबात जिवावर बेततात, तर काही वर्षानुवर्षे संथपणे चालतात. संथ प्रकारांत फॉलिक्युलर लिम्फोमा हा प्रमुख होय. पाश्चात्य देशांच्या मानाने भारतात त्याचे प्रमाण कमी आढळते, तथापि तो दुर्मिळ नाही. रुग्ण बहुधा मध्यम किंवा उतारवयाचा असतो. मान, काख वा जांघ येथे रबरासारख्या, वेदनारहित गाठी असतात. भूक बरी, झोप बरी, शेतीचे काम चालू. त्यामुळे तो स्वतःला रोगी समजतच नाही. निदान होते तेव्हा बहुतेकांचा व्याधी तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत पोहोचलेला असतो, आणि असे असूनही अनेकांना लगेच औषधांची आवश्यकता नसते. यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी की, या गाठी कित्येकदा आपोआप लहान होतात, काही काळ हाताला लागतही नाहीत. औषध दिलेले असो वा नसो.

आमच्या भागात या व्याधीकडे संशयाने पाहण्याआधी तीन जुने संशयित उभे असतात. मानेतील गाठ म्हटली की क्षय. जांघेतील गाठ म्हटली की हत्तीपाय, कारण पूर्व विदर्भ हा त्या रोगाचा प्रदेशच आहे. आणि रोवणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्याच्या जांघेत गाठ आली तर पायाची जखम पाहावी, हे आपल्याकडच्या कंपाउंडरलाही ठाऊक असते. हे तिन्ही तर्क बहुतेक वेळा बरोबर ठरतात, आणि नेमकी तेथेच चौथी शक्यता दडून राहते. चार ते सहा आठवडे होऊनही जी गाठ गेली नाही, दीड-दोन सेंटिमीटरहून मोठी आहे, किंवा हासळीच्या हाडाच्या वर आहे, तिला कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसू नये, एवढे पथ्य सर्वांनीच पाळावयास हवे.

आपल्या ग्रंथांनी याविषयी आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. सुश्रुताच्या निदानस्थानाचा अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा आहे. माधवनिदानातही ही प्रकरणे एकत्रच येतात. अर्बुदाच्या लक्षणांत चिरवृद्धी आणि अपाक ही दोन लक्षणे स्पष्ट आहेत. अपचीच्या वर्णनात काही गाठी नाहीशा होतात व दुसऱ्या नव्याने उद्भवतात, आणि हे दीर्घकाळ चालते, असा आशय आहे. म्हणजे गाठ गेली म्हणून व्याधी गेला असे मानू नये, ही सूचना आपण पदवीच्या वर्गातच वाचलेली असते. गाठीचे मापही ग्रंथकार बोर, आवळा यांच्या उपमेने देतात. आपण मात्र केसपेपरवर बोरही लिहीत नाही आणि आवळाही लिहीत नाही. नुसते 'गाठ' लिहितो.

हे दुसऱ्यांना शिकविण्यापूर्वी आमचीच चूक सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सन २०२२ च्या रोवणीच्या हंगामात जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एक शेतकरी आमच्याकडे आले. मानेच्या उजव्या बाजूस गाठ होती. किती दिवसांची, हे आम्ही विचारले. त्यांनी सांगितलेही असेल. केसपेपरवर आम्ही जे लिहिले ते एवढेच : गं. मा., कां. गु. २-२-२, १५ दिवस. एकदा गोंदियाला जाऊन गाठ तपासून घ्या, असे तोंडी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "दुखत नाही तं कायले चिरा लावाचा, डॉक्टर साहेब?" आम्ही आग्रह धरला नाही. दोन महिन्यांनी गाठ बरीच लहान झाली आणि आम्ही मोठ्या समाधानाने त्याच कागदावर 'लाभ' असा शब्द लिहिला. कांचनार गुग्गुळाने गंडमाळ जिरली, असे चार जणांना सांगितलेही असेल.

सन २०२४ च्या दिवाळीनंतर तेच गृहस्थ पुन्हा आले. आता दोन्ही काखांत आणि जांघेत गाठी होत्या, वजन उतरले होते. या खेपेस आम्ही त्यांना नागपूरला पाठविले. तेथे एक संपूर्ण गाठ काढून तपासली गेली आणि निदान झाले, फॉलिक्युलर लिम्फोमा. मुलाने २०२३ मध्ये आई-वडिलांसह आरोग्य विमा उतरविला होता. कंपनीने पूर्वीचे सर्व कागद मागितले. आमचा केसपेपर गेला, आणि 'गं. मा.' म्हणजे काय, ती केव्हापासून, कोठे व केवढी होती, असा लेखी प्रश्न आमच्याकडे आला. त्याच आठवड्यात मुलगा येऊन बसला. "तुम्ही फक्त पंधरा दिवसांपासून असे लिहून द्या, बाकी आम्ही पाहून घेऊ." आम्ही नकार दिला. जे आठवले ते लिहून दिले. दावा नामंजूर झाला. मुलाने पुढे बरेच महिने आमच्याशी बोलणे टाकले, आणि त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. तपासणीचा लेखी सल्ला आम्ही २०२२ मध्येच दिला असता, तर त्या कुटुंबाने विमा घेताना काय जाहीर करावयाचे हे जाणूनबुजून ठरविले असते. आमच्या तीन अक्षरी नोंदीने त्यांना ती संधी दिली नाही.

येथे विम्याचा नियम थोडा समजून घेतला पाहिजे, कारण अनेक सहकाऱ्यांच्या मनात त्याविषयी धूसर कल्पना आहेत. पूर्वस्थित आजार म्हणजे केवळ ज्याचे निदान झालेले आहे असा आजार नव्हे. विमा सुरू होण्यापूर्वीच्या ठराविक मुदतीत ज्या तक्रारीसाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतलेला आहे, तीही त्यात मोडते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये अशा आजारांसाठीच्या प्रतीक्षेची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, आणि ज्या काळानंतर कपट सिद्ध झाल्याखेरीज कंपनीस माहिती दडविल्याचा आक्षेप घेता येत नाही, तो काळ आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणला. म्हणजे संथ व्याधीच्या बाबतीत गाठ प्रथम कोणास दाखविली, या एका तारखेवर लाखो रुपयांचा निर्णय लटकलेला असतो. आणि ती तारीख नागपूरच्या कर्करोगतज्ज्ञाकडे नसते. ती आपल्याकडे असते.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, मग लिहूच नये. कागद नाही तर प्रश्न नाही. हे मत आम्हास सपशेल अमान्य आहे. वर सांगितलेल्या प्रकरणात सत्य रुग्णाच्या विरुद्ध गेले, हे खरे. परंतु ज्या रुग्णाचा विमा जुना आहे आणि गाठ नंतर आली आहे, त्याचे काय? अशा रुग्णास कंपनी विचारते की, चौथ्या अवस्थेचा कर्करोग काल उत्पन्न झाला काय? विमा घेताना मान तपासली होती आणि गाठ नव्हती, किंवा ती अमुक तारखेस प्रथम दिसली, अशी साध्या शाईत केलेली जुनी नोंद हाच त्याचा बचाव असतो. दावा नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागता येते; परंतु तेथेही कागदच बोलतो. मागाहून खाडाखोड करून वा नव्या शाईने बदललेली तारीख मात्र दोन्ही पक्षांस निरुपयोगी ठरते, आणि आपल्या नोंदणी क्रमांकावर डाग लावते तो वेगळाच.

आता निदानाच्या नावाविषयी. गाठ पाहून 'अर्बुद' लिहिणारे आणि अर्बुद म्हणजे कॅन्सर असे रुग्णास सांगून मोकळे होणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. तसेच प्रत्येक गाठीस गंडमाळ म्हणणारे आम्ही स्वतः होतोच. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. डोळ्यांनी दिसले त्यापेक्षा अधिक लिहिले गेले. लिम्फोमाचे निदान सुईने काढलेल्या चार पेशींवरही निश्चित होत नाही. एफएनएसीने संशय येतो, क्षयाचा पुरावा कधी सापडतो. परंतु फॉलिक्युलर लिम्फोमा ओळखावयाचा तर गाठीची अंतर्रचना पाहावी लागते, म्हणून शक्य तेथे संपूर्ण गाठ काढून द्यावी लागते. त्यावर सीडी २०, सीडी १०, बीसीएल २, बीसीएल ६ इत्यादी खुणांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री होते, तेव्हा नाव ठरते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे पहिली पायरी तरी जिल्ह्यातच चढता येते. पुढे नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. पूर्वीसारखे मुंबईच्या रात्रगाडीत रुग्णास बसविण्याची वेळ दरवेळी येत नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आपल्यापैकी काहीजण गाठ, सांधेदुखी वा दम यांसाठी प्रेडनिसोलोन देतात. लिम्फोमाची गाठ स्टेरॉइडने झपाट्याने ओसरते आणि नंतर काढलेल्या तुकड्यात निदान हाती लागत नाही. दिले असेल तर ते लिहावे, मात्रा व तारखांसह. लाज वाटत असेल तर देऊ नये.

मग संकेतांक कोणता? आयसीडी-१० मध्ये निदान होईपर्यंत लसीकाग्रंथींच्या वाढीस आर ५९ हे स्थान आहे : एका भागापुरती असेल तर आर ५९.०, सर्वांगीण असेल तर आर ५९.१. क्षय सिद्ध झाला तर ए १८.२. फॉलिक्युलर लिम्फोमा सिद्ध झाला तर सी ८२, आणि त्यापुढील अंक श्रेणीनुसार. रुग्णालयातील संगणकावर बसलेला मुलगा डॉक्टरांनी जे लिहिले त्याचेच रूपांतर करतो. पत्रावर नुसते 'एनएचएल' असेल तर तो सी ८५.९ टाकतो, म्हणजे प्रकार अनिर्दिष्ट असलेला नॉन-हॉजकिन लिम्फोमा. मग विकृतिविज्ञानाच्या अहवालात एक आणि बिलावर दुसरे असे झाले की विचारणा आलीच. म्हणून रुग्णास पुढे पाठविताना वा परत आल्यावर अहवालातील संपूर्ण नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे. संशयापोटी 'सी' वर्गाचा संकेतांक घालू नये. एकदा कर्करोगाचा शिक्का विम्याच्या नोंदीत बसला की पुढे साधा क्षय निघाला तरी तो पुसताना रुग्णाच्या नाकी नऊ येतात.

श्रेणी आणि अवस्था यांची गल्लतही सर्रास होते. अवस्था ही व्याधी शरीरात कोठवर पसरला हे सांगते, आणि १९७१ पासून रूढ असलेल्या ॲन आर्बर पद्धतीने ठरते. श्रेणी ही सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या पेशींची संख्या किती यावरून ठरते. चौथ्या अवस्थेचा, परंतु पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा रुग्ण वर्षानुवर्षे शेत करू शकतो. सी ८२ चा पुढचा अंक श्रेणीचा आहे, अवस्थेचा नाही. प्रयोगशाळा पुष्कळदा 'श्रेणी १-२' असे एकत्र लिहिते आणि आयसीडी-१० मध्ये मात्र एक व दोन वेगवेगळे आहेत. येथे आपण निवड करू नये. उपचार करणाऱ्या तज्ज्ञास करू द्यावी. 'स्टेज फोर' हा शब्द ऐकून हाय खाल्लेल्या कुटुंबास हा फरक समजावून सांगणे मात्र आपलेच काम आहे, कारण त्यांच्या भाषेत आणि सवडीने बोलणारे आपणच असतो.

आपल्या शास्त्रातील निदानांनाही आता संकेतांक मिळाले आहेत. २०१७ मध्ये नमस्ते पोर्टल आले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ च्या सव्विसाव्या अध्यायातील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग दिल्लीत जाहीर केला. हा आनंदाचाच विषय आहे. परंतु तो अध्याय जोडीने वापरण्यासाठी आहे, आधुनिक निदानाच्या जागी ठेवण्यासाठी नाही. अपची वा अर्बुद यांचा संकेतांक घालावा. त्याच्या शेजारी, सिद्ध झाला असेल तर, लिम्फोमाचाही घालावा. आयसीडी-११ मध्ये फॉलिक्युलर लिम्फोमाचा संकेतांक २ए८० आहे. विमा अर्जातील रकाना मात्र आयसीडी-१० चाच आहे, हे विसरू नये. त्याच अर्जात उपचारपद्धतीच्या पर्यायांत 'ॲलोपॅथीव्यतिरिक्त उपचार' अशीही एक चौकट आहे. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने लेखावे, असे प्राधिकरणाचे आदेश आहेत. या बरोबरीस पात्र व्हावयाचे तर कागदही बरोबरीचे हवेत. केमोथेरपीनंतरच्या मुखपाकासाठी वा छर्दीसाठी लिम्फोमाचा रुग्ण आपल्या आंतररुग्ण विभागात दाखल झाला, तर आपण उपचार करतो तो मुखपाक वा छर्दी मुख्य लिहावी आणि लिम्फोमा सहव्याधी म्हणून लिहावा. लिम्फोमावर पंचकर्म केले असे दाखविणारे बिल पाठविणे असत्य तर आहेच, शिवाय १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यात ज्या व्याधींच्या उपचाराची जाहिरात निषिद्ध आहे, त्यांत कर्करोग आहे, याची आठवण असलेली बरी.

या व्याधीत आणखी एक विचित्र पेच आहे, त्याची चर्चा फारशी कोणी करीत नाही. ज्या रुग्णास तज्ज्ञ सांगतात की आता औषध नको, दर तीन-चार महिन्यांनी येऊन दाखवा, त्याचे बिल कोठून निघावयाचे? विमा मुख्यतः दाखल रुग्णाचा असतो. शासकीय योजनेतही शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचे दर ठरलेले असतात. वाट पाहण्याचा दर नसतो. परिणामी रुग्णाला वाटते की पैसे मिळत नाहीत म्हणून औषध टाळले, आणि कोणी तरी उगीचच औषध सुरू करण्याचा मोह होतो. निरीक्षणाखालील रुग्णाचा व्याधी औषध चालू नसले तरी गेलेला नसतो. त्याचा संकेतांक सी ८२ च राहतो, 'पूर्वी कर्करोग होता' असा होत नाही. अमेरिकेत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून उपचारानंतर शांत झालेल्या लिम्फोमासाठी वेगळे संकेतांक आले आहेत, कारण शांत झालेला आणि बरा झालेला यांतला फरक त्यांनाही बिलात दाखवावासा वाटला. आमच्या 'लाभ' या शब्दाची आठवण आम्हास येथे पुन्हा होते. निरीक्षणाच्या काळात रुग्ण आपल्याकडेच येतो, कारण औषध नको हे त्यास पटत नाही. अशा वेळी बल्य, दीपन-पाचन औषध द्यावे, परंतु गाठीचे श्रेय घेऊ नये, माप घ्यावे. वजन सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक घटले, रात्री कपडे भिजविणारा घाम आला, ज्वर राहिला वा एखादी गाठ एकाएकी वाढली, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन परत पाठवावे. संथ लिम्फोमा काहींत वेगवान रूप धारण करतो.

औषधालयाच्या चालकांनाही यात भूमिका आहे. कांचनार गुग्गुळ चिठ्ठीशिवाय मिळतो आणि मिळत राहील. परंतु एकच गृहस्थ सहा महिने दर पंधरवड्यास तीच डबी नेतात, हे वैद्याआधी दुकानदारास कळते. गाठ कोणास दाखविली का, एवढे एक वाक्य विचारण्यास काही खर्च नाही. बिलावर रुग्णाचे नाव, वैद्याचे नाव व तारीख घालावी. पुढे प्रतिपूर्तीच्या दाव्यात ते बिलही जोडले जाते. जुन्या तारखेचे वा नव्या तारखेचे बिल बनवून द्या, अशी मागणी आली तर तीच गोष्ट त्यांनाही लागू आहे, जी आम्हास लागू झाली.

त्या शेतकऱ्यांच्या बाबतीत मार्ग निघाला तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. १ जुलै २०२४ पासून ही योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली असून कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तेथे गाठ विमा घेण्यापूर्वीची की नंतरची, असा प्रश्न उद्भवला नाही. तुकड्याचा अहवाल मागितला गेला. हे श्रेय आमचे नव्हे, रुग्णालयातील आरोग्यमित्राचे. आम्हास स्वतःला त्या वेळी योजनेची नवी व्याप्ती नीट ठाऊक नव्हती. खोटी तारीख मागणाऱ्या मुलास आम्ही नुसता नकार दिला, दुसरा रस्ता दाखविला नाही, ही आमची दुसरी चूक.

आपल्या संघटनेस आमची सूचना अशी आहे की, गाठीच्या रुग्णांसाठी केसपेपरचा एक छापील नमुना तयार करून सभासदांना द्यावा. त्यात फार काही नको : रुग्णाने सांगितलेली गाठ दिसल्याची पहिली तारीख, आपण पाहिल्याची तारीख, बाजू, स्थान, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, वजन, इतर ठिकाणच्या गाठी आहेत वा नाहीत, पूर्वी घेतलेली औषधे, तपासणीचा दिलेला सल्ला आणि रुग्णाने तो मान्य केला की नाकारला, तेथे त्याची सही किंवा अंगठा. मागच्या बाजूस पुढील मापांसाठी कोरी कोष्टके असावीत. एक प्रत रुग्णाजवळ राहावी. आम्ही आमच्या दवाखान्यात गेल्या वर्षापासून असा रबरी शिक्का करून वापरीत आहोत. प्लॅस्टिकची मोजपट्टी टेबलाच्या खणात असते. ज्यांना नमुना हवा असेल, अथवा ज्यांचा आमच्या म्हणण्यास विरोध असेल, त्यांनी पुढील त्रैमासिक सभेत अवश्य मांडावे.